धूर संपल्यानंतरचा विस्तव : घरगुती कोळशाची निवड आणि पेटवणी

शाळेच्या या स्मृतिव्याख्यानासाठी विज्ञानातील एखादा विषय घ्यावा, आणि तो ऐकून घरी गेलेल्या माणसाला त्याचा काही उपयोग व्हावा, अशी चालकांची इच्छा होती. अवकाश, अणू, संगणक असे भारदस्त विषय समोर असताना मी कोळसा निवडला, याचे काहींना आश्चर्य वाटेल. कारण साधे आहे. आपल्या माळव्यात थंडी सौम्य असते. वर ग्वाल्हेरकडे मात्र पौषात पारा तीन-चार अंशांपर्यंत उतरतो. तेथे आणि त्याच्याही उत्तरेस दर हिवाळ्यात एकाच तऱ्हेची बातमी वर्तमानपत्रांत येते. दारे-खिडक्या लावून, उशाशी शेगडी ठेवून निजलेले कुटुंब सकाळी उठले नाही. बातमीत बहुधा ‘धुराने गुदमरून’ असे शब्द असतात. माझ्या मते ते शब्द दिशाभूल करणारे आहेत. खोलीत धूर दाटला असता तर ठसका लागून ती माणसे जागी झाली असती. शेगडी चांगली फुललेली होती, धूर मुळीच नव्हता, म्हणून ती निर्धास्त झोपली.

कोळसा कसा पारखावा आणि विस्तव कसा करावा, यातील बहुतेक कौशल्य धूर टाळण्यासाठी आहे. धूर टळला की धोक्याची एकुलती एक सूचनाही टळते. या दोन गोष्टींचा परस्परसंबंध उलगडून दाखवावा, एवढाच आजचा हेतू.

विषय क्षुल्लक वाटत असेल तर एक दाखला देतो. १८६०-६१ च्या नाताळात मायकेल फॅरडे या थोर शास्त्रज्ञाने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसमोर सहा व्याख्याने दिली, ती सारी एका मेणबत्तीवर. मेणबत्तीची ज्योत म्हणजे वितळलेल्या मेणाची वाफ जळते आहे, हे त्याने प्रयोगाने दाखवले. कोळशाच्या बाबतीत हीच गोष्ट अर्धी खरी आहे, आणि उरलेल्या अर्ध्यातच आपला विषय दडलेला आहे.

आपण ‘कोळसा जळतो’ असे म्हणतो. वस्तुतः त्या एका शब्दाखाली दोन निरनिराळी ज्वलने चालतात. दगडी कोळशाचा तुकडा तापू लागला की आधी त्यातील ओल जाते, मग त्यातून ज्वालाग्राही वायू आणि डांबरासारख्या पदार्थांच्या वाफा बाहेर पडतात. या उडून जाणाऱ्या भागाला रसायनशास्त्रात बाष्पनशील द्रव्य म्हणतात. तो पेटला तर पिवळी, लांब ज्योत दिसते. पुरेशी उष्णता वा हवा न मिळाल्याने तो न जळता निसटला तर त्याचाच काळा-पिवळा धूर होतो. हा भाग निघून गेला म्हणजे मागे राहतो तो कार्बन आणि राख. कार्बनाला वाफ होणे ठाऊक नाही. तो आपल्या पृष्ठभागावर जळतो, लाल होतो, धूर देत नाही. त्यालाच आपण निखारा म्हणतो. तेव्हा धूर हा जळणाचा गुणधर्म नसून जळण अपुरे झाल्याची खूण आहे; आणि निखाऱ्याजवळ धूर होण्याजोगे द्रव्यच उरलेले नसते.

हे ध्यानात घेतले की बाजारातील सर्व जळणे एका ओळीत मांडता येतात. कोरड्या लाकडात बाष्पनशील द्रव्य सुमारे तीन चतुर्थांश असते, म्हणून लाकूड चटकन धरते, ज्योत देते आणि डोळ्यांत पाणी आणते. लिग्नाइट म्हणजे तपकिरी कोळशात ते कमी, पण तरीही पुष्कळ. आपल्या देशातील नेहमीच्या दगडी कोळशात ते साधारण चौथ्या हिश्श्याच्या आगेमागे असते. अँथ्रासाइट हा सर्वांत जुना आणि कठीण कोळसा. त्यात ते शंभरात आठांहूनही कमी. लाकडी कोळसा आणि कोक यांतील हा भाग माणसाने आधीच जाळून वा तापवून काढून टाकलेला असतो. ओळीत जसजसे पुढे जावे तसतसा धूर कमी होत जातो, आणि पेटवणेही तितकेच अवघड होत जाते. धुराचा त्रास नको असेल तर पेटवण्याचे कष्ट घ्यावे लागतात.

आता निवडीकडे वळू. लाकडी कोळसा पारखताना जुन्या गृहिणी दोन तुकडे एकमेकांवर आपटून पाहत. खणखणीत, काचेसारखा नाद आला तर तो पुरता भाजलेला. बद्द आवाज आला, किंवा मोडल्यावर आत तपकिरी पट्टा दिसला, तर तेथे लाकूड लाकूडच राहिलेले आहे आणि ते शेगडीत धूर करणार. बाभळीचा, धावड्याचा कोळसा जड असतो आणि बराच वेळ टिकतो. आंब्यासारख्या हलक्या लाकडाचा लवकर धरतो आणि लवकर राख होतो. सालीचे तुकडे ठिणग्या उडवतात, ते वेगळे काढावेत. कोळसा पाडणे हा महाराष्ट्रात लोणारी समाजाचा परंपरागत धंदा. मातीने लिंपलेल्या ढिगात अगदी बेताची हवा सोडून लाकूड जळू न देता भाजायचे, हे काम वाटते तितके सोपे नाही. विकताना त्यावर पाणी मारून वजन वाढवण्याची कला मात्र कोणत्याही समाजाची मक्तेदारी नव्हे! ओला कोळसा हातात गार लागतो आणि त्याची पूड बोटांना चिकटून राहते.

दगडी कोळशाची पारख याच्या उलट आहे, आणि येथे पुष्कळ जण फसतात. लाकडी कोळसा जड असेल तितका बरा. दगडी कोळसा आकाराच्या मानाने जड लागला तर संशय घ्यावा. स्वच्छ कोळसा पाण्याच्या दीडपटीपेक्षाही कमी जड असतो, तर त्याच्या थरांत मिसळलेला पाटीसारखा दगड दुपटीहून अधिक. तो वजनात भरतो, पैसे घेतो आणि शेवटी जसाच्या तसा जाळीवर बसून राहतो. भारतातील गोंडवन काळातल्या कोळशात राखेचे प्रमाण मुळातच फार आहे; तीस ते चाळीस टक्के राख ही नवलाची गोष्ट नाही. पेंच खोऱ्यातील असो, उमरियाचा असो, वर्धा खोऱ्यातील असो वा हैदराबादकडे येणारा सिंगरेणीचा असो, सगळे याच कुळातले. चकाकणारे, सहज फुटणारे थर चांगले. मातकट, निस्तेज, हातोडीला दाद न देणारे थर वाईट. सोनेरी ठिपके दिसले तर हरखून जाऊ नये. ते लोह आणि गंधक यांचे संयुग असते. जळताना उग्र वास येतो आणि पितळेची, चांदीची भांडी काळवंडतात.

घरगुती वापरासाठी या दोहोंमध्ये एक तिसरा पदार्थ आला, तो म्हणजे सॉफ्ट कोक. खाणीजवळ दगडी कोळशाचे ढीग रचून ते उघड्यावर पेटवत आणि बराचसा धूर निघून गेला की पाणी मारून विझवत. उरलेला करडा, सच्छिद्र, हलका कोळसा शहरांत विकला जाई. लोकांनी कच्चा कोळसा सोडून हा वापरावा म्हणून १९२९ मध्ये त्यासाठी स्वतंत्र उपकराचा कायदाही झाला होता. शहरातील स्वयंपाकघरे यामुळे स्वच्छ झाली, यात शंका नाही. धूर मात्र नाहीसा झाला नाही. तो आपल्या घराऐवजी झरिया आणि राणीगंजच्या माणसांच्या छातीत गेला. लंडनमध्ये डिसेंबर १९५२ मध्ये पाच दिवस दाट धुरके दाटून हजारो माणसे दगावली, त्यानंतर १९५६ च्या कायद्याने ठरावीक भागांतील घरांमधून धूर सोडण्यास बंदी आली आणि तेथील कुटुंबांनाही अशाच धूरहीन इंधनाकडे वळावे लागले.

कोणताही कोळसा घ्या, तुकड्यांचा आकार सारखा हवा. लिंबाएवढ्या तुकड्यांच्या फटींतून हवा वर चढते. त्यात भुगा मिसळला की फटी बुजतात आणि विस्तव गुदमरतो. म्हणून भुगा वेगळा काढून त्यात शेण वा चिकणमाती कालवून गोळे वळायचे आणि उन्हात वाळवायचे, अशी रीत होती. ती काटकसर तर होतीच. पण भुग्याचे पुन्हा सारख्या आकाराचे तुकडे करण्याचा तो एक शहाणा उपायही होता.

पेटवण्याची कृती आज पन्नाशीच्या आतील किती जणांना ठाऊक असेल, याची मला शंका आहे. म्हणून ती जरा सविस्तर सांगतो. आपल्याकडची शेगडी म्हणजे बहुधा जुनी लोखंडी बादली. मध्यावर आडव्या सळ्यांची जाळी, आतून मातीचा लिंप, आणि खालच्या अंगाला राख काढायला व हवा यायला एक तोंड. आधी ते तोंड आणि जाळी पूर्ण मोकळी करावी. कालची राख राहू देणे हा आळस पुढे अर्धा तास पंखा हलवून फेडावा लागतो. जाळीवर गोवरीचे तुकडे, त्यांवर लाकडाच्या बारीक ढलप्या, आणि त्यांवर कोळशाचा पातळ थर द्यावा. एकदम भरून टाकू नये. खालून पेटवावे आणि शेगडी अंगणात, वाऱ्याच्या दिशेला तोंड करून ठेवावी. रॉकेल ओतणे धोक्याचे, शिवाय निरुपयोगीही. ते भडकून विझते, तोवर कोळसा पुरता तापलेलाच नसतो. ढलप्या जळून जाळीवरचे कोळसे कडेने लाल दिसू लागले की दुसरा थर घालावा. मधल्या वेळात दाट धूर निघतो, तो निघू द्यावा. धूर विरळ होऊन वर निळसर ज्योती खेळू लागल्या की शेगडी तयार झाली असे समजत, आणि तेव्हाच ती आत आणली जाई.

या रीतीत धूर का होतो, तेही पाहण्यासारखे आहे. आग खाली आणि ताजा कोळसा वर असल्यामुळे वरच्या कोळशातून निघणारे वायू आगीला भेटतच नाहीत. ते थेट आकाशात जातात. दक्षिण आफ्रिकेतील वस्त्यांमध्ये, जेथे हिवाळ्यात कोळशाचा धूर फार होतो, तेथे याच्या उलट रीत प्रचारात आणली गेली. कोळसा तळाशी, पेटवण वर, आणि अगदी वर कोळशाचे चार-दोन खडे; मग आग वरून खाली उतरते. कोळशातून निघणारे वायू आधी ज्वालेतून जातात आणि तेथे जळून जातात. धूर पुष्कळच कमी होतो. झुलू भाषेत या रीतीला ‘बासा न्जेंगो मगोगो’ म्हणतात. अर्थ असा की ‘आजीसारखा विस्तव कर’. आपल्या आज्यांना ही रीत ठाऊक होती की नाही, ते सांगवत नाही. पण मोकळ्या अंगणात करून पाहायला हरकत नाही.

शेगडीपेक्षा अधिक शास्त्रशुद्ध उपकरण आपल्या घरांत होते, ते म्हणजे तांब्याचा बंब. मध्ये उभी नळी, तिच्या तळाशी जाळी, भोवती पाणी. नळीतील तापलेली हवा हलकी होऊन वर चढते आणि तिच्या जागी खालून नवी हवा ओढली जाते. नळी जितकी उंच आणि तापलेली, तितकी ही ओढ जास्त. धुराडे म्हणजे हेच. म्हणून बंबाला फुंकणी क्वचितच लागे. करवंट्या, ढलप्या, कोळसे, काहीही घातले तरी तो धडधडून पेटे. पाणी भरल्याखेरीज तो पेटवायचा नाही हा नियम मात्र कडक. भोवती पाणी असेपर्यंत तांब्याची उष्णता शंभर अंशांच्या फार पुढे जात नाही. कोरडा पेटवला की सांधे सुटून तो गळू लागतो.

बंबाचेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर वापरून साऱ्या घराला ऊब देणारी भट्टी पाश्चात्त्य देशांत झाली. तिचे उत्तम उदाहरण अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात सापडते, कारण तेथे अँथ्रासाइटच्या मोठ्या खाणी आहेत. प्रारंभी या कोळशाला लोक काळा दगडच समजत. लोहार भाता लावून तो वापरत, पण घरात तो पेटणे शक्य नाही, असा समज होता. ११ फेब्रुवारी १८०८ रोजी विल्क्स-बॅरी या गावी जेसी फेल नावाच्या गृहस्थाने आपल्या घरात लोखंडी जाळीवर, भात्यावाचून, तो पेटवून दाखवला. जाळीखालून येणारी हवा पुरेशी होती. त्यानंतर काही वर्षांनी फिलाडेल्फियाजवळच्या एका तारेच्या कारखान्यात कामगारांनी रात्रभर हा कोळसा ढवळला, उकरला, अखेर वैतागून भट्टीचे दार लावून ते निघून गेले. थोड्या वेळाने एक जण विसरलेला अंगरखा न्यायला परतला तो दार लाल झालेले, अशी हकीकत सांगितली जाते. हकीकतीत मीठमसाला असेल. तिच्यातील रसायनशास्त्र मात्र चोख आहे. वरचे दार बंद होताच सारी हवा खालून, कोळशाच्या थरातून जाऊ लागली.

तेथील घरांच्या तळघरांत अशा भट्ट्या काही ठिकाणी आजही चालू आहेत, आणि त्या चालवणाऱ्यांचे नियम आपल्या शेगडीला ताडून पाहण्याजोगे आहेत. कोळसा आकाराप्रमाणे चाळून विकला जातो. हाताने भरायच्या भट्टीला साधारणतः सुपारीहून मोठे तुकडे, आपोआप भरणाऱ्या यंत्राला तांदळाएवढे बारीक. त्या आकाराचे नावच ‘राइस’. पेटवताना लाकडाचा भरपूर जाळ करायचा, राखेचे दार उघडे ठेवायचे, त्यावर कोळशाचा पातळ थर द्यायचा आणि निळ्या ज्योती दिसेपर्यंत वाट पाहायची. मग मात्र भट्टी काठोकाठ भरायची, कारण अँथ्रासाइटला पातळ थर मानवत नाही; खोल थरातच तो आपली उष्णता राखतो. एकदा धरला की रात्रभर जळतो. वरून काठीने ढवळायचे नाही. राख निखाऱ्यांत मिसळली तर ती वितळून तिची घट्ट ढेकळे बनतात आणि जाळी बंद पडते. जाळी खालून हलवून, राखेसोबत लाल निखारे पडू लागले की थांबायचे. आणि नवा कोळसा भरताना एका बाजूस निखाऱ्यांचा थोडा भाग उघडा ठेवायचा. हा नियम मला सर्वांत अर्थपूर्ण वाटतो. सारे निखारे झाकले तर कोळशातून निघणारा वायू न पेटता भट्टीत साठतो, आणि मागाहून एकदम पेटला तर दार उडते.

न पेटता साठणारा तो वायू कोणता, येथे आपण मूळ प्रश्नाशी येऊन पोचलो.

फुललेल्या शेगडीच्या थराचा उभा छेद घेतला अशी कल्पना करा. तळाशी ताजी हवा येते. तेथे कार्बन आणि ऑक्सिजन यांचा पूर्ण संयोग होऊन कार्बन डायऑक्साइड तयार होतो. हा तापलेला वायू वर चढताना वरच्या लाल निखाऱ्यांतून जातो, आणि तेथे ऑक्सिजन उरलेला नसल्याने निखाराच त्याच्यातील अर्धा ऑक्सिजन हिरावून घेतो. तयार होतो कार्बन मोनॉक्साइड. पृष्ठभागावर आल्यावर त्याला पुन्हा हवा भेटली आणि तो पुरेसा तापलेला असला, तर तो निळ्या ज्योतीने जळतो. ज्या निळ्या ज्योती पाहून आपण ‘शेगडी तयार झाली’ म्हणत होतो, त्या याच वायूच्या. निखाऱ्यांवर राख चढली, शेगडी मंदावली, की ज्योती नाहीशा होतात. वायू निघतच राहतो, फक्त जळायचा थांबतो.

पैशाच्या दृष्टीनेही हा तोटाच आहे. एक किलो कार्बन पूर्ण जळला तर सुमारे ७,८०० किलोकॅलरी उष्णता मिळते; कार्बन मोनॉक्साइडपर्यंतच जळला तर अवघी २,२०० च्या आसपास. पण आपल्याला येथे पैशाचा विचार करायचा नाही.

दहा फूट लांब, दहा रुंद, दहा उंच अशी खोली घ्या. तीत सुमारे २८ घनमीटर हवा मावते. एक किलो कार्बन पूर्ण जळण्यास सुमारे ९ घनमीटर हवेतील सगळा ऑक्सिजन लागतो, म्हणजे खोलीतील एकूण ऑक्सिजनाचा जवळजवळ तिसरा हिस्सा. दारे बंद असली आणि फटींत चिंध्या कोंबलेल्या असल्या की ही तूट भरून निघत नाही. हवेत ऑक्सिजन जितका विरळ, तितके जळण अपुरे आणि विषारी वायू अधिक. रात्र जसजशी चढते तसतशी शेगडी खोली उबवणे कमी आणि विष निर्माण करणे जास्त करते.

आपल्या रक्तातील हीमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेते. कार्बन मोनॉक्साइडविषयी त्याची ओढ ऑक्सिजनाच्या दोनशे पटींहूनही अधिक आहे. म्हणून हवेत हजारात एक भाग इतका थोडा वायू असला, तरी तो तासागणिक रक्तात साठत जातो आणि काही तासांत प्राण जाऊ शकतो. त्याला रंग नाही, वास नाही, तो घसा खवखववत नाही. आधी डोके दुखते, मळमळते, गुंगी येते. पुढची पायरी फार क्रूर आहे: काहीतरी बिघडले हे माणसाला कळते, पण पायांतील बळ गेलेले असते आणि दारापर्यंत जाणे जमत नाही. झोपेतल्या माणसाला तर तेवढेही कळत नाही.

जॉन स्कॉट हॉल्डेन या स्कॉटिश शास्त्रज्ञाने १८९६ मध्ये वेल्समधील खाणस्फोटात बळी पडलेल्यांची पाहणी करून दाखवले, की बहुतेकांचा जीव स्फोटाने नव्हे तर याच वायूने गेला होता. माणसाआधी ज्यांना बाधा होते असे लहान प्राणी खाणीत सोबत न्यावेत, ही सूचना त्याचीच. ब्रिटिश खाणींतील पिवळ्या कॅनरी पक्ष्यांना निरोप मिळाला तो पुढे १९८६ साली. एमिल झोला या प्रख्यात फ्रेंच कादंबरीकाराचा मृत्यू २९ सप्टेंबर १९०२ रोजी पॅरिसमधील त्याच्या शयनगृहात झाला. खोलीत कोळशाचा विस्तव होता आणि धुराडे नीट वाहत नव्हते. त्याची पत्नी वाचली. खाणकामगारांच्या जीवनावर ‘जेर्मिनाल’सारखी कादंबरी लिहिणाऱ्या लेखकाचा अंत कोळशाच्या वायूने व्हावा, हा योग विलक्षण म्हटला पाहिजे.

आपल्या घरांतून या बाबतीत काही समजुती प्रचलित आहेत, त्यांचा विचार केला पाहिजे. शेगडीजवळ पाण्याचे पातेले ठेवले की वायू त्यात शोषला जातो, असे मानतात. कार्बन मोनॉक्साइड पाण्यात अत्यंत थोडा विरघळतो. पातेल्याचा उपयोग हवा थोडी दमट होण्यापुरता. वायू जड असल्याने खाली बसतो, पलंगावर निजणाऱ्याला भय नाही, हीही समजूत खोटी. तो हवेपेक्षा किंचित हलकाच आहे आणि खोलीभर मिसळतो. लाकडी कोळसा ‘सात्त्विक’, दगडी तेवढा घातक, असेही ऐकू येते. निखारा झाल्यावर दोघेही कार्बनच. किंबहुना लाकडी कोळसा लवकर आणि धुरावाचून धरत असल्याने तो घरात लवकर आणला जातो, त्या अर्थी तोच अधिक फसवा. बंब गेला आणि त्याच्या जागी न्हाणीघरात गॅसचा गीझर आला म्हणून प्रश्न मिटला, असेही नाही. झडपा लावून घेतलेल्या लहानशा न्हाणीघरात त्याच्यापासून होणारे अपघात याच वायूचे आहेत.

शेगडी वापरायचीच असेल तर ती माणसे जागी असताना, समोरासमोरच्या दोन झडपा उघड्या ठेवून वापरावी. एकाच खिडकीची फट पुरत नाही. हवा आत येण्यास आणि वायू बाहेर जाण्यास निरनिराळ्या वाटा लागतात. एकाच खोलीतील दोघा-तिघांचे डोके एकदम दुखू लागले तर ते थंडीने नव्हे, असे समजून सर्वांनी तत्काळ बाहेर पडावे. कोणी बेशुद्ध असेल तर त्याला मोकळ्या हवेत न्यावे आणि रुग्णालयात हलवावे. साध्या हवेत रक्तातील या वायूचे प्रमाण निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात. शुद्ध ऑक्सिजन दिल्यास हा काळ सुमारे दीड तासावर येतो. म्हणून ‘बाहेर आणले, शुद्धीवर आला, आता झोपू द्या’ असे करू नये. पेनसिल्व्हेनियातील भट्टीला धुराडे असते, तरी तेथील घरांत आता या वायूची सूचना देणारे विजेरीवरचे लहान यंत्र बसवतात. ते आपल्याकडेही मिळते.

राहिला प्रश्न रात्री उरलेल्या निखाऱ्यांचा. राखेने झाकलेला निखारा विझलेला नसतो. सकाळी राख फुंकून त्यावरच पुन्हा विस्तव करण्याची पद्धत त्याचीच साक्ष देते. तेव्हा निजण्यापूर्वी शेगडी राखेसकट अंगणात नेऊन ठेवावी. घरातच पाणी ओतून ती विझवू नये, कारण लालभडक कार्बनावर वाफ गेली की पुन्हा कार्बन मोनॉक्साइडच तयार होतो, सोबत हायड्रोजनही. बाहेर मात्र पाणी शिंपडून विझवलेले कोळसे वेचून, उन्हात वाळवून ठेवावेत. त्यांतील धुराचा भाग आधीच निघून गेलेला असतो आणि अंग सच्छिद्र झालेले असते. दुसऱ्या दिवशी जाळीवर पहिला पातळ थर त्यांचाच द्यावा, तो ताज्या कोळशाआधी धरतो.